टिकलीकडे बघ

"बघ."

मी बघत नाही.

"इकडं बघ, लीला. बघ म्हणलं ना."

हनुवटीखाली अंगठा येतो आणि गालावर दोन बोटं. बोटांना खडू, खडूखाली शेंगदाण्याच्या चटणीतला लसूण. दोन्ही घामात कालवून जो लगदा होतो तो माझ्या ओठाच्या कडेला लागतो आणि वाळेपर्यंत तिथंच राहतो. पुसायला हात उचलता येत नाही. हात मांड्यांखाली दाबून ठेवलेत. तो नियम आहे.

ही बोटं माझ्या पप्पांची. पप्पा म्हणजे बिराजदार सर, लातुरातले, गणिताचे. खालच्या मजल्यावर त्यांचे 'एकाग्र क्लासेस', वर आम्ही तिघं. त्यांना सगळेच सर म्हणायचे. दूधवाला सर म्हणायचा, मीही म्हणायचे. मम्मी तर भांडतानासुद्धा म्हणायची, "सर, लेकराला श्वास तर घेऊ द्या."

"श्वास घेतच आहे. नजर देत नाही."

हे सगळं कशासाठी, ते सांगते. मी तेव्हा सिनिअर केजीत होते. शाळेतल्या बाईंनी सरांना आणि मम्मीला बोलावून सांगितलं होतं की ही हाक मारली तर वळत नाही. प्रार्थनेचा भोंगा लागला की बाकाखाली जाते. डब्याची झाकणं फिरवत बसते, आणि खूश झाली की दोन्ही हात पाखरासारखे फडफडवते. "पहिलीत जायच्या आधी एकदा पुण्याला नेऊन तपासून आणा सर. ऑटिझम आहे का ते बघतात तिथं. असलं तरी घाबरायचं कारण नाही, आपण तसं शिकवू."

मम्मीनं शेवटचं वाक्य ऐकलं. सरांनी 'तपासून' एवढंच ऐकलं. तपासणी म्हटलं की त्यांच्या डोळ्यांपुढं एकच गोष्ट यायची.

"पॅटर्न काय असतो?" त्यांनी विचारलं.

"पॅटर्न नाही हो सर. मूल कसं आहे ते बघतात."

"तेच विचारतोय. कसं बघतात, त्याला काहीतरी पॅटर्न असेलच की."

बघ.

पेपर हंगरगे सरांनी आणला. म्हणजे कागद नव्हे. हंगरगे सर क्लासमध्ये केमिस्ट्री शिकवायचे, त्यांच्या भावाच्या मुलाला पुण्यात त्याच ठिकाणी तपासलं होतं. ते आमच्या स्वयंपाकघरात येऊन बसले, बशीत चहा ओतला आणि म्हणाले, "सर, पेपर फुटलाय असं समजा."

"बोला."

"एक, साबणाचे फुगे. ते फुगे सोडणार, हिनं अजून मागायचे. दोन, बाहुलीचा वाढदिवस. तिथं खोटा केक असतोय, तो बाहुलीला भरवायचा. तीन, मॅडम लांब कुठंतरी बोट दाखवतात. बोटाकडं नाही बघायचं, जिकडं दाखवलं तिकडं बघायचं. आमचं पोरगं बोटच बघत बसलं आणि नापास झालं."

"आणि आयएमपी काय?"

"नजर. सगळं वेटेज नजरेला."

"हात हलवले तर?"

"निगेटिव्ह मार्किंग."

दोघं हसले. हंगरगे सरांच्या मिशीला साय लागली होती. हसताना ती वर जायची, खाली यायची, आणि कुणीही त्यांना ते सांगत नव्हतं. मला ओकारी येत होती म्हणून मी डब्याचं झाकण फिरवलं. सरांनी ते हातातून काढून घेतलं.

"पण सर," मम्मी ओट्यापाशी उभी राहून म्हणाली, "तिला खरंच काही असलं तर?"

"म्हणून तर तयारी करायची."

"तयारी केल्यावर कळणार कसं?"

"काय कळायचंय त्यात? पास झाली म्हणजे काही नाही."

"वहिनी," हंगरगे सर म्हणाले, "सीईटीला बसलेलं पोरगं हुशार आहे का, हे कुणी विचारतंय का? मार्क विचारतात."

बघ.

डोळे मला का बघवत नाहीत? ते ओले असतात. सोललेल्या द्राक्षासारखे, शिवाय हलतात. जवळून बघितलं तर त्यांत लाल दोरे दिसतात, कोपऱ्यात पिवळं काहीतरी जमलेलं असतं. लोक एकमेकांच्या तोंडावरच्या ओल्या भागांकडे टक लावून बघतात आणि त्याला आपुलकी म्हणतात. मी अजूनही ते शिकलेले नाही.

सर शिकवण्यात हुशार होते, हे नाकारता येणार नाही. रोज संध्याकाळी खालची बॅच सुटली की ते हात न धुता वर यायचे आणि हनुवटी धरायचे. काही दिवस असे गेल्यावर त्यांच्या लक्षात आलं, या पद्धतीनं उत्तर येत नाही. मग त्यांनी शॉर्टकट काढला.

मम्मीला समोर बसवलं. तिनं मोठी मरून टिकली लावली होती.

"डोळ्यांत नको बघू," सर म्हणाले. "गरजच नाही. टिकलीकडे बघ. समोरच्याला वाटतं, डोळ्यांतच बघते आहे. बघ."

मी बघितलं.

टिकली कोरडी होती. गोल होती. हलत नव्हती, लुकलुकत नव्हती, तिला कोपरे नव्हते. त्या सगळ्या चिकट महिन्यात ती एकच स्वच्छ गोष्ट माझ्या वाट्याला आली.

"आली!" सर टाळी वाजवून ओरडले. "नजर आली, महानंदा!"

मम्मी माझ्याकडे बघत होती. मला फक्त टिकली दिसत होती, त्यामुळं तिचं तोंड तेव्हा कसं झालं होतं ते मी सांगू शकत नाही.

त्याच दिवशी सरांनी मला शब्द दिला. "पुण्याचा पेपर होऊ दे. पास झालीस की परत हनुवटीला हात लावणार नाही. प्रॉमिस."

ऑटिझम म्हणजे काय हे मला माहीत नव्हतं. तो हवा की नको, हेही नाही. मला ती बोटं नको होती. बस, एवढ्यासाठी मी पुण्याला गेले.

बघ.

आता जे लिहिते आहे ते जसंच्या तसं आहे. आम्ही ते रोज म्हणायचो. मॅडम म्हणजे मम्मी.

मॅडम: तुझं नाव काय?
मी (टिकली): शिवलीला विश्वंभर बिराजदार. तुमचं नाव काय?
मॅडम: आज बाहुलीचा वाढदिवस आहे.
मी (टिकली): अरे वा! केक कुठं आहे?
मॅडम: हा बघ.
मी (बाहुली, मग टिकली): तिला भूक लागली आहे. मी भरवते.
(उजवा हात बाहेर. भरवून झाल्यावर परत मांडीखाली.)

उत्तर बरोबर आलं की सर त्याच बोटांनी माझ्या तोंडात पेढा घालायचे. पेढा टाळूला चिकटतो. त्यात साखरेचे कण असतात, ते दातांत वाळूसारखे वाजतात, आणि मग तोंडभर तुपाचा थर बसतो. मी गिळायचे. गिळणं पेपरात नव्हतं, पण पेपर लवकर संपायचा असेल तर गिळावं लागायचं.

एकदा मम्मीनं मधेच विचारलं, "लीला, तुला हे आवडतं का गं?"

मी थांबले. शोधलं. सापडलं नाही.

"हे पेपरात नाही," मी म्हणाले.

सर खूश झाले. मम्मी उठून न्हाणीत गेली आणि तिनं नळ सोडला. बराच वेळ नुसतं पाणी वाहत राहिलं.

बघ.

पुण्यातली खोली. निळ्या रंगाचं बुटकं टेबल, बुटक्या खुर्च्या, कोपऱ्यात खेळण्यांची टोपली, एका भिंतीला मोठा आरसा. सर आणि मम्मी भिंतीशी मोठ्या खुर्च्यांवर बसले. मी बुटक्या खुर्चीत. हात मांड्यांखाली. सगळं बरोबर होतं. साबणाच्या पाण्याची बाटली टेबलावर होती, बाहुली होती, केक होता. हंगरगे सरांचा पेपर खरा होता.

दार उघडलं आणि देवस्थळी मॅडम आत आल्या.

"हॅलो! काय नाव तुझं?"

मी मान वर केली.

कपाळ कोरं होतं.

टिकली नव्हती. टिकलीची खूण नव्हती. कुंकू नाही, गंध नाही, तीळसुद्धा नाही. एका कडेपासून दुसऱ्या कडेपर्यंत नुसती कातडी, आणि तिच्याखाली चष्मा, आणि चष्म्यात दोन ओले डोळे.

आमच्याकडे असं कपाळ मी पाहिलेलंच नव्हतं. मम्मी लावायची, शाळेतल्या बाई लावायच्या, क्लासला येणाऱ्या मुली लावायच्या. पुण्यातल्या मॅडम लावणार नाहीत, हे सरांना सुचलं नव्हतं. हंगरगे सरांनाही नाही. बाईमाणूस म्हटलं की कपाळाला काहीतरी असणारच, असं धरूनच सगळा अभ्यास झाला होता.

"काय गं? नाव नाही सांगायचं?"

मी डावीकडून उजवीकडे बघितलं. परत उजवीकडून डावीकडे. नाव तोंडात तयार होतं, पण टिकलीशिवाय ते बाहेर येत नव्हतं. मागून सरांचा आवाज आला, अगदी बारीक.

"बघ."

त्यांचे हात त्यांच्याच गुडघ्यांवर होते. तरी माझ्या हनुवटीवर बोटं आली. लसूण आला.

मी उठले. मम्मीपाशी गेले. नख घालून तिच्या कपाळावरची टिकली काढली, परत आले, आणि मॅडमच्या कपाळावर चिकटवली. थोडी तिरकी लागली. चालण्यासारखी होती.

मग बसले. हात मांड्यांखाली. बघितलं.

"शिवलीला विश्वंभर बिराजदार. तुमचं नाव काय?"

मग मॅडम इतक्या हसल्या की त्यांनी चष्मा काढून डोळे पुसले.

"अगं, किती गोड! मला टिकली नाही म्हणून आईची आणून दिली? किती विचार करते ही दुसऱ्याचा!" त्यांनी मांडीवरच्या वहीत काहीतरी भराभर लिहिलं. "असं कुणी शिकवलंय का हिला?"

"मॅडम," मम्मी म्हणाली, "ती टिकली म्हणजे..."

"घरी पण अशीच आहे हो," सर म्हणाले. "माणसांचा फार लळा."

"तसं नाही, मॅडम, तिला ना..."

"महानंदा." सर हसत होते. "पोरीचा पेपर चालू आहे."

मम्मीचा हात कपाळाला गेला. टिकलीच्या जागी एक फिकट गोल राहिला होता, त्याला डिंकाची काळपट कड. ती त्यावरून बोट फिरवत राहिली.

बाकीचं पाठ होतं. फुगे मागितले. बोट दाखवलं तिकडे बघितलं. बाहुलीला भूक लागली होती, मी भरवलं. मॅडमनी एकदा विचारलं, "हात का गं असे दाबून बसलीस?" ते पेपरात नव्हतं, म्हणून मी टिकलीकडे बघून म्हणाले, "अरे वा! केक कुठं आहे?" त्या पुन्हा हसल्या. या वेळी थोडं कमी.

देवस्थळी मॅडम वाईट नव्हत्या. हे लिहितानाही मला किळस येते, पण नव्हत्या. शेवटी त्या सरांना म्हणाल्या, "आज तरी ऑटिझम म्हणता येईल असं मला दिसलं नाही. पण काही गोष्टी मला नीट कळल्या नाहीत. मुली पुष्कळदा निसटतात यातून. सहा महिन्यांनी पुन्हा घेऊन या."

"म्हणजे नाही."

"आज दिसलं नाही, असं म्हणाले मी."

"मार्क किती पडले?"

"मार्क नसतात हो यात."

"तरी पण, अंदाजे?"

आम्ही निघालो तरी मॅडमनी टिकली कपाळावरच ठेवली. दारात उभं राहून टाटा केला. मी टिकलीला टाटा केला.

बघ.

गाडीत माझे हात बधिर झाले होते. मी ते मांडीवर पालथे ठेवून बघत होते, दुसऱ्या कुणाचे असावेत तसे.

"टिकली लाव गं," सर पुढच्या सीटवरून म्हणाले. "बरं दिसत नाही. पाकीट असेल की पर्समध्ये."

"आहे," मम्मी म्हणाली.

तिनं लावली नाही. मोहोळ गेलं, तुळजापूर गेलं. सरांनी मागं वळून बघितलं नाही, ते फोनवर हंगरगे सरांना सांगत होते. "नजरेतच बाजी मारली हो! मॅडम रडल्या अक्षरशः. हो, हो, डोळ्यांत पाणी!"

घरी माणसं जमली. पेढे आले. हंगरगे सरांनी स्वतःच्या हातानं माझ्या तोंडात पेढा घातला आणि मग ती बोटं चाटली. मग म्हणाले, "सर, मी काय म्हणतो. बॅच काढा."

"कसली?"

"अहो, अशी किती लेकरं आहेत जिल्ह्यात! आईबाप पुण्याच्या चकरा मारून मेले. तुमच्याकडं पॅटर्न आहे, रिझल्ट आहे. रिझल्ट घरातच आहे."

सर माझ्याकडे बघून हसले. खाली वाकले. अंगठा आला, दोन बोटं आली.

"काकांना थँक यू म्हण. बघ काकांकडे."

"प्रॉमिस," मी म्हणाले.

"काय?"

"पास झाले. प्रॉमिस."

"अगं वेडे," सर सगळ्यांकडे बघत म्हणाले, आणि बोटं तिथंच होती, "हे प्रेमानं धरलंय."

सगळे हसले. तेव्हा मला कळलं. शाळेतलं गणित मला पुढं कधी फारसं आलं नाही, पण हे तिथंच, पेढा टाळूला चिकटलेला असताना, कळलं. नापास झाले असते तर बोटं चालत नाहीत हे सिद्ध झालं असतं. मी पास झाले होते, म्हणजे बोटं चालतात. आता ती कायमची.

बघ.

खालच्या हॉलमध्ये 'बाल एकाग्रता बॅच'चा फलक लागला. पहिल्या दिवशी उदगीरहून लोक आले, औशाहून, निलंग्याहून. बाकांवर आईबाप, बाकांखाली लेकरं. एक मुलगा पंख्याच्या आवाजानं कान दाबून बसला होता. एक मुलगी बाकाच्या लोखंडाला जीभ लावून बघत होती आणि तिची आई तिला दर वेळी मागं ओढत होती. निळ्या शर्टातला एक मुलगा हात फडफडवत होता. किती छान फडफडवत होता! त्याचे वडील ते हात आपल्या दोन्ही हातांत धरून बसले, घट्ट, जसं कोंबडीचे पाय धरतात.

"ही माझी मुलगी," सर म्हणाले. त्यांनी मला फळ्यापाशी उभं केलं. "पुण्यात तपासून आली. काही नाही निघालं. कसं ते आता प्रत्यक्ष बघा. महानंदा!"

फळ्याच्या दुसऱ्या बाजूला खुर्ची ठेवली होती. त्यात मम्मी बसणार, मी टिकलीकडे बघणार, असं ठरलं होतं.

मम्मी जिन्यावरून खाली आली.

तिनं तोंड धुतलं होतं. कपाळावरच्या केसांना पाणी होतं. कपाळ कोरं होतं.

बाकांवर कुजबुज झाली. सर जिन्याकडे वळले.

"टिकली?"

"नाही."

"लाव."

"नाही, सर."

"लोक बसलेत. नवरा जिवंत असताना असं..."

"मला दिसतंय लोक बसलेत." मम्मीनं त्यांच्याकडे वळून बघितलं. तिचा आवाज मोठा नव्हता. "ऐका. ही पास झाली नाही. हिला आम्ही टिकलीकडे बघायला शिकवलं. त्या बाईंना टिकली नव्हती, तर हिनं माझी काढून त्यांना चिकटवली. त्यांना वाटलं माया केली. माया नव्हती. हिला माणूस बघवत नाही, भीती वाटते, आणि त्यावर हे रोज तिचं तोंड दाबतात. हिला जे आहे ते अजून आहे. आम्ही फक्त झाकलं."

पंखा फिरत होता. सरांची बोटं माझ्या हनुवटीपासून दोन पेरांवर थांबली होती. खडू, लसूण.

मम्मी आली आणि तिनं आपला तळहात मधे घातला. सरांची बोटं तिच्या तळहाताला लागली. तिनं तो काढला नाही.

"लीला," ती म्हणाली, "कुणाकडं बघू नको."

मी खाली बघितलं. फरशीवर खडूचा चुरा होता. माझे हात वर आले. मी आणले नाहीत, ते आले. मला वाटतं मी फडफडवले.

निळ्या शर्टाच्या मुलाच्या वडिलांनी मग घसा खाकरला. अजूनही कुणी घसा खाकरला की मला तो आवाज ऐकू येतो, त्यातल्या बेडक्यासकट.

"ते ठीक आहे, मॅडम," ते म्हणाले. "पण सर, पुण्यात काही निघालं नाही, हे खरं ना?"

"खरं आहे," सर म्हणाले.

"मग बॅच रोज आहे का एक दिवसाआड?"

बघ.

माझी हनुवटी त्यानंतर कुणी धरली नाही. सहा महिन्यांनी मम्मी मला एकटी पुण्याला घेऊन गेली, यष्टीनं. माझ्याजवळ जे आहे त्याला नाव मिळालं. मम्मीनं टिकली पुन्हा लावली नाही. लग्नकार्यात बायका तिला हळदीकुंकवाला वगळायच्या, आणि सर तर समोर मांडवात जेवत बसलेले असायचे. मी तिच्या कोऱ्या कपाळाकडे बघायचे नाही, डोळ्यांकडेही नाही. आम्ही दोघी शेजारी शेजारी बसून एकाच दिशेला बघायचो. तिचं माझ्याकडे काही मागणं नव्हतं.

बॅच पुढं मोठी झाली. आम्ही वर राहायचो, ती खाली भरायची. संध्याकाळी मी झाकण फिरवत बसले की फरशीतून आवाज वर यायचा. आधी सरांचा. मग सरांनी ठेवलेल्या नव्या मास्तरांचा. मग आयांचा, बापांचा, सगळ्यांचा एका सुरात, पाढे म्हणावे तसा:

बघ. बघ. बघ.